केसांच्या गोळ्या घेता का, काका?

रक्त तपासण्यासाठी बारा तास उपाशी राहिलेल्या माणसाच्या अपेक्षा दोनच असतात. आपला क्रमांक लवकर यावा आणि तोवर आपल्याशी कोणी बोलू नये. गेल्या सोमवारी माझी यांपैकी एकही अपेक्षा पुरी झाली नाही. तासाभराने माझे नाव पुकारले गेले, काउंटरवरच्या मुलीने साखर, चरबी, थायरॉइड, ब-१२ अशी माझ्या चाचण्यांची यादी वाचली आणि कागदावरची नजर न उचलता, अगदी शेवटच्या खुर्चीवर डुलक्या घेणाऱ्या आजीही जाग्या होतील अशा स्वरात तिने विचारले, "काका, केसांच्या गोळ्या घेता का?"

येथे एक खुलासा करणे भाग आहे. माझ्या डोक्यावर केस आहेत. मात्र सभेला गर्दी कमी असली की श्रोते जसे भिंतीकडेच्या खुर्च्या धरून बसतात आणि मधला भाग ओस पडतो, तशी त्यांची बैठक आहे. त्यामुळे प्रश्न कानावर पडताच खोलीतल्या सर्वांनी प्रथम माझ्या डोक्याकडे आणि नंतर, उत्तराच्या उत्सुकतेने, माझ्या तोंडाकडे पाहिले. घेत नाही म्हणावे तर ते खोटे, आणि घेतो म्हणावे तर गोळ्यांची अब्रू जाणार! मी इतक्या हळू "हो" म्हणालो की तिला तोच प्रश्न पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने, विचारावा लागला. मग तिने सांगितले की त्या गोळ्यांत बायोटिन नावाचे जीवनसत्त्व असते, त्याने थायरॉइडचा आकडा चुकतो, तेव्हा गोळ्या बंद करून तीन दिवसांनी या आणि सगळ्या चाचण्या एकदमच करा. "आणि हो, पुन्हा उपाशीच या," हेही तिने मायेने बजावले.

मी मागे येऊन, निदान घोटभर पाणी पिऊन निघावे म्हणून खुर्चीवर बसलो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवणारी माणसे दोनच प्रकारची असतात, सांत्वन करणारी आणि सल्ला देणारी. हे दुसऱ्या प्रकारातले होते.

"तुमचे चुकले कुठे सांगू का?" ते म्हणाले. मी नको म्हणण्याच्या आत त्यांनी पिशवीतून सात खणांची एक प्लास्टिकची पेटी काढली. प्रत्येक खणावर वाराचे आद्याक्षर होते आणि प्रत्येक खणात पिवळ्या, तांबड्या, हिरव्या, पारदर्शक अशा गोळ्यांची दाटी झाली होती. दागिन्यांचा डबा उघडावा तशा अदबीने त्यांनी सोमवारचा खण उघडला आणि एकेका गोळीची ओळख करून दिली. ही लोहाची, ही कॅल्शियमची, ही ड जीवनसत्त्वाची, ही माशाच्या तेलाची, ही सांध्यांसाठी, ही डोळ्यांसाठी, आणि ही, असे म्हणून त्यांनी स्वर खाली आणला, "ही तुमचीच. बायोटिन."

"मग तुम्हालाही परत पाठवतील," मी म्हणालो. माझ्या बोलण्यात थोडी आशा होती, हे कबूल करतो.

"मला कसे पाठवतील? मी त्यांना सांगतच नाही," गृहस्थ उत्तरले. "ही काही औषधे नव्हेत. औषधे घेता का म्हणून विचारले की मी नाही म्हणतो. हा आहार आहे."

आहार हा शब्द त्यांनी असा उच्चारला की त्या पेटीला वाफ येत असल्याचा भास झाला. कोणती गोळी कधी घेता, असे मी केवळ सभ्यपणापोटी विचारले. सभ्यपणाने माझे जितके नुकसान केले आहे तितके कोणत्याही रोगाने केलेले नाही. सर्व गोळ्या ते सकाळी सहा वाजता, रिकाम्या पोटी, एकाच वेळी, गरम चहाबरोबर घेतात. "पोटात एकदा गेल्या की आपापली वाट शोधतात," असे त्यांचे म्हणणे पडले. आता चहातली टॅनिने लोहाला आतड्यात शोषू देत नाहीत, कॅल्शियमही लोहाच्या आड येते, आणि ड जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारे असल्याने थोड्या तेलातुपाच्या जेवणाबरोबर अधिक चांगले शोषले जाते, इतके मला ऐकून ठाऊक होते. म्हणजे यांच्या पोटात रोज सकाळी सहा वाजता एका अरुंद दारातून सगळे पाहुणे एकदम घुसू पाहत होते आणि दारात चहा आडवा पडला होता. मी भीत भीत लोहाचा मुद्दा मांडला. त्यावर ते म्हणाले, "माझे लोह तसे नाही."

यावर काय बोलणार? मी उठू लागलो, तर त्यांनी माझा गुडघा अधिक घट्ट धरला आणि केसांचे खरे गुपित सांगितले. नुसत्या गोळीने काही होत नाही, गोळीबरोबर पेलाभर कच्च्या अंड्याचा पांढरा बलक प्यावा लागतो. ते स्वतः रोज सहा अंड्यांचा पितात. शिजवलेला चालत नाही, शिजवले की जीव जातो. एवढे बोलून त्यांनी डोक्यावरची टोपी सहज हातात घेतली, आणि गृहस्थांच्या सभेलाही गर्दी कमीच असल्याचे माझ्या ध्यानात आले. मी काही बोललो नाही. उपाशी माणसाला एवढा मोठा आनंद सोसत नाही.

त्याच रात्री मी बायोटिनविषयी वाचत बसलो, आणि तेव्हापासून एका हुकलेल्या संधीचे दुःख करीत आहे. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात अ‍ॅव्हिडिन नावाचे प्रथिन असते. त्याचा एक रेणू बायोटिनचे चार रेणू पकडतो आणि इतके घट्ट धरतो की पचनाच्या कोणत्याही पायरीवर ते सुटत नाहीत, आले तसे बाहेर जातात. ही पकड सुटते ती अंडे शिजवल्यावर. १९२७ मध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेने उंदरांना कच्चा पांढरा बलक भरपूर खाऊ घातला, तर त्यांची कातडी बिघडली आणि केस गळले. त्या उंदरांना वाचवणाऱ्या द्रव्याचा पुढे शोध लागला, तेच बायोटिन, आणि केस व त्वचा यांच्या जर्मन शब्दांवरून त्याला 'एच' जीवनसत्त्व असे नाव पडले. जर्मन भाषेत केसांना 'हार' म्हणतात. बायोटिनच्या बाटलीवर हे मराठीत छापायला हरकत नव्हती.

म्हणजे ते गृहस्थ रोज सकाळी केस वाचवणारी गोळी गिळत होते आणि वर तिला बेड्या घालणारे सहा शिपाई पीत होते. बोआसबाईंच्या उंदरांना निदान आपण प्रयोगात आहोत हे ठाऊक नव्हते. हे उत्तर मला सोमवारी सकाळी सुचायला हवे होते. माझी चोख उत्तरे नेहमी रात्री अकरानंतर येतात.

गंमत अशी की प्रयोगशाळेत माझी अडचण झाली ती याच मिठीमुळे. थायरॉइडच्या अनेक चाचण्यांत बायोटिन आणि अ‍ॅव्हिडिनचे एक जिवाणूजन्य भावंड, स्ट्रेप्टाव्हिडिन, यांची जोडी दोऱ्या-गाठीसारखी वापरतात. रक्तातच गोळीचे बायोटिन पोहत असेल तर ते मध्ये शिरून गाठी अडवते. मग थायरॉइडला कामाला लावणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाचा आकडा खोटा खाली जातो, थायरॉइडच्या संप्रेरकाचा खोटा वर चढतो, आणि धडधाकट माणूस कागदावर आजारी ठरतो. याहून वाईट म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यात ज्यावर भिस्त असते त्या ट्रोपोनिनचा आकडाही असाच खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या आकड्यानंतर दगावलेल्या एका रुग्णाची नोंद त्यात होती. हे वाचल्यावर काउंटरवरच्या मुलीवरचा माझा राग बराच निवळला. तिच्या आवाजावरचा मात्र नाही.

तो राग मी बाटलीकडे वळवला. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसे होते आणि एका शिजवलेल्या अंड्यात सुमारे १० मिळते. माझ्या गोळीत १०,००० होते. थोडक्यात, मी रोज सकाळी न्याहारीपूर्वी एक हजार अंडी गिळत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बायोटिनची कमतरता मुळात विरळा. कमतरता नसलेल्या माणसाचे केस त्याने वाढतात याला भक्कम पुरावा नाही. बाटलीवर आहे तो एक घनदाट केसांचा तरुण, ज्याला गोळीची गरज आयुष्यात कधी पडली नसावी. भिंग घेऊन मी चारही बाजू वाचल्या. कोरड्या जागी ठेवा, मुलांपासून दूर ठेवा, झाकण घट्ट लावा. रक्ततपासणीआधी बंद करा, हे मात्र कुठे नाही. झाकणाची एवढी काळजी आणि माणसाची एवढीही नाही? डॉक्टरांनी विचारले नाही, मी सांगितले नाही, दुकानदाराने तर 'एकावर एक घ्या, असर दिसेल' म्हणून दोन बाटल्या दिल्या. असर दिसला, तो थायरॉइडच्या चाचणीवर.

जीवनसत्त्वांवर माझा राग नाही. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने, हिरड्या सुजलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री व लिंबू मिळालेली जोडी आठवड्याच्या आत उठून बसली. ज्याच्यात उणीव होती त्याला उणे असलेले मिळाले, इतका साधा तो हिशेब होता. (तरी ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडले, तेव्हा तीन दिवसांनी या म्हणणाऱ्यांना मी उगाच बोल लावत आहे.) पण लिंडच्या प्रयोगात एक जोडी अशीही होती जिला रोज समुद्राचे पाणी पाजले. इतिहास संत्र्यावाल्यांना लक्षात ठेवतो. मला मात्र त्या पाणीवाल्या दोघांविषयी फार आपुलकी वाटू लागली आहे, कारण त्यांनाही हे पाणी अंगी लागेल असे कोणीतरी आत्मविश्वासाने सांगितलेच असणार.

गुरुवारी मी पुन्हा बारा तास उपाशी राहून गेलो. तीन दिवस गोळी घेतली नव्हती आणि कंगव्यात रोजच्या इतकेच केस आले होते. अ‍ॅव्हिडिनवरचे दोन मिनिटांचे भाषण मी पाठ केले होते, पण सात खणांचे गृहस्थ काही दिसले नाहीत. काउंटरवर त्या दिवशी दुसरी मुलगी होती. तिने यादी वाचली, नाव-वय लिहिले, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आत जायला सांगितले. मी तिथेच उभा राहिलो.

"विचारायचे काही राहिले नाही ना?" मी म्हणालो.

"नाही काका. काय विचारायचे?"

सोमवारी ज्या प्रश्नापायी माझे बारा तास फुकट गेले, तो प्रश्न गुरुवारी कोणाला आठवतही नव्हता. मला संताप आवरला नाही. मी काउंटरवर हात आपटला आणि स्वतःच्याही अपेक्षेपेक्षा मोठ्याने म्हणालो, "मी तीन दिवस केसांच्या गोळ्या घेतलेल्या नाहीत!"

खोलीतल्या सर्वांनी माझ्या डोक्याकडे पाहिले.

"बरं काका," ती मुलगी समजुतीच्या स्वरात म्हणाली, "त्यात एवढं काय? कोणी काही म्हटलं का तुम्हाला?"