रंगांच्या तक्त्यावरून समुद्री गोगलगाय ओळखायला निघालेल्यांसाठी

‘रंग जुळवा, नाव मिळवा’ हा समुद्री गोगलगायींचा तक्ता सगळ्या ग्रुपवर फिरतोय. परवा भाच्यानेही पाठवला, वर ‘किती सोपं!’ सोपं आहेच, फक्त चुकीचं आहे.

‘निळं अंग, काळ्या रेघा, नारिंगी कड म्हणजे क्रोमोडोरिस एलिझाबेथिना.’ बरं, एवढ्यावरून क्रोमोडोरिस या वंशापर्यंत बहुधा पोचता येतं, हे मान्य. पुढे? क्रोमोडोरिस ॲनीसुद्धा अशीच दिसते. तिच्या निळ्या भागावर बारीक काळे ठिपके असतात. तक्त्यात ठिपक्यांचा पत्ताच नाही. शिवाय लेटन, गॉसलायनर आणि विल्सन या संशोधकांनी २०१८ साली डीएनए तपासून दाखवलंय, की या वंशात एकाच प्रजातीत रंगांचे निरनिराळे नमुने सापडतात आणि वेगळ्या प्रजाती एकाच भागात सारख्या दिसतात. तिथेच तक्ता निकालात निघतो. त्यात टॉर्चशिवाय काढलेला फोटो असेल तर बघायलाच नको: खोल पाण्यात लाल-नारिंगी आधी विरतात, कड मळकट राखाडी येते.

‘पाठीवर कल्ल्यांचा तुरा नसेल तर तो चपटा किडा.’ फिलिडिया हीसुद्धा समुद्री गोगलगायच, पण तिच्या पाठीवर तुरा नसतोच. तिचे कल्ले अंगाच्या कडेखाली असतात. त्यापेक्षा शिंगं बघा. गोगलगायीची दोन सुटी, आत ओढता येणारी. किड्याची म्हणजे पुढच्या कडेलाच पडलेल्या घड्या.

आता कहर. ‘उचलून पाण्याच्या डब्यात ठेवा, नीट दिसते.’ हात लागला की शिंगं आत, तुरा आत, उरतो गोळा. ज्यावरून ओळखायची तेच गायब! आणि ती फिलिडिया व्हॅरिकोसा निघाली तर डिवचल्यावर विषारी चिकट स्राव सोडते, त्याने डब्यातले मासे आणि खेकडे मरू शकतात. जोहान्स यांनी हा विषारी स्राव १९६३ सालीच नोंदवलाय. निळी ग्लॉकस ही समुद्री गोगलगाय तर पोर्तुगीज मॅन-ओ-वॉर हा जेलीफिशसारखा डंख मारणारा प्राणी खाऊन त्याच्या डंखपेशी स्वतःच्या अंगात साठवते. घ्या तळहातावर!

व्हॅरिकोसाच्या तळव्यावर मधोमध काळी रेघ असते, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या सीलेस्टिसच्या नसते. तीही बघायला गोगलगाय उलटी करावी लागत नाही. दगडाच्या कडेवरून वळेपर्यंत थांबा आणि खालून फोटो घ्या. बाकी एक वरून, एक बाजूने, एक शिंगांचा, एक तुऱ्याचा; सोबत ठिकाण, खोली, लांबी. ज्या स्पंजावर बसली असेल तोही फोटोत येऊ द्या, बऱ्याच जणींचं खाणं ठरावीक स्पंजच असतं.

‘ॲप अचूक सांगतं’ म्हणे. वरून काढलेल्या एकाच फोटोवर त्याने प्रजाती सांगितली, तरी नोंदीत ‘क्रोमोडोरिस, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहा.