चेहऱ्याच्या व्हिडिओत ब्लॉकेज दिसत नाही

परवा मावशीने आनंदाने फोन पुढे केला. स्क्रीनवर तिचा चेहरा, खाली हिरव्या अक्षरांत नाडीचा आकडा 76 आणि ‘हार्ट नॉर्मल’. चार दिवस जिना चढताना तिच्या छातीवर दडपण येत होतं. आता डॉक्टरकडे जायची गरज उरली नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. कारण तो सगळीकडे फिरणारा मेसेज: ‘मोबाइलसमोर 30 सेकंद बसा. हृदयातले ब्लॉकेज कळतील, बीपी कळेल, ईसीजीची गरज नाही. 100 टक्के अचूक.’

कॅमेऱ्याला नाडी कळते, एवढं मान्य करायलाच हवं. प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या त्वचेत रक्त भरतं आणि ओसरतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून चेहऱ्याचा रंग किंचित बदलत राहतो. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला टिपता येतं. 2008 साली ‘ऑप्टिक्स एक्स्प्रेस’ या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधात साध्या डिजिटल कॅमेऱ्याने, नेहमीच्या उजेडात, मीटरभराहून जास्त अंतरावरून हे करून दाखवलं आहे. पण मोजलं काय? हृदयाचे ठोके आणि श्वास. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नाजूक त्वचेला ठोके मोजायच्या चिकटपट्ट्या लावाव्या लागू नयेत म्हणून या तंत्रावर काम चालू आहे, आणि ते मोलाचंच आहे.

आता ब्लॉकेज. हे वाचून माझं डोकंच फिरलं. कॅमेरा बघतो गालाची त्वचा. ब्लॉकेज असतो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत. धमनी बरीच अरुंद झालेली असली तरी स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी 76 असू शकते. अहो, हार्ट अटॅक चालू असतानाही ती 60 ते 100 च्या आत असू शकते! ईसीजी हृदयातल्या विजेच्या लहरी टिपतो, आणि ब्लॉकेज असूनही आरामात काढलेला ईसीजी कधीकधी नॉर्मल येतो. म्हणून तर डॉक्टर पुढे स्ट्रेस टेस्ट, म्हणजे हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी सांगतात, धमन्यांचं चित्र दाखवणारी अँजिओग्राफी सांगतात. जिथे ईसीजीही पुरत नाही, तिथे गालाचा रंग काय सांगणार?

बीपीचंही तेच. त्यावर संशोधन चालू आहे, पण दंडाला पट्टा बांधून मोजायची जागा त्याने घेतलेली नाही.

राहिलं ‘100 टक्के’. मान हलली, बोललात, उजेड बदलला, की आकडा चुकू शकतो. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषतं, त्यामुळे मुळातला क्षीण संकेत आणखी क्षीण होतो. मावशी तर आकडा येईपर्यंत माझ्याशी बोलतच होती.

मी तिला एवढंच विचारलं, “जिना चढताना मोजलंस का?” ती गप्प झाली. तिचा हात छातीवर गेला. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी फोनकडे पाहिलंही नाही; पहिला प्रश्न विचारला, “दडपण कधी येतं, आणि थांबल्यावर जातं का?”