डिसॅबिलिटी चालू आहे म्हणून मॅमोग्राम रद्द?

आजारपणामुळे काम जमत नसेल तर विमा कंपनी दरमहा पगाराचा काही भाग देते, त्या विम्याला अमेरिकेत लाँग-टर्म डिसॅबिलिटी म्हणतात. त्याबद्दल तिथल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'लाँग-टर्म डिसॅबिलिटी चालू असेल तर क्लेमचा आजार सोडून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाऊ नका. कंपनीला सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. दाताचं बिल गेलं तरी चेक बंद. समुपदेशकाकडे तर मुळीच नको. रेकॉर्डची परवानगी आजच रद्द करा.'

पाठीच्या दुखण्यामुळे डिसॅबिलिटीवर असलेल्या माझ्या मावसबहिणीने हे वाचून मॅमोग्राम, म्हणजे स्तनांच्या कर्करोगाची तपासणी, रद्द केला. आता गप्प कसं बसायचं?

कंपनीला 'सगळं दिसत' नाही. क्लेम करताना आपण सही करतो त्या परवानगीवर ती रेकॉर्ड मागवते. हं, ती परवानगी बहुतेक वेळा ऐसपैस असते, कुठल्याही डॉक्टरचं रेकॉर्ड तिच्यात येतं, एवढं मान्य. त्वचेच्या डॉक्टरने सवयीने 'तब्येत छान, काही त्रास नाही' असं टाकलं, तर ते वाक्य तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. कंपनी धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणतच नाही. निकाल देणारी आणि पैसे देणारी कंपनी एकच असेल तर तो हितसंबंधांचा संघर्ष आहे, हे सुप्रीम कोर्टानेच २००८ मध्ये मेटलाइफ विरुद्ध ग्लेन खटल्यात म्हटलंय. पण म्हणून डॉक्टरच सोडायचा? प्रत्येक डॉक्टरला पाठीचं सांगा, घरी येऊन डॉक्टरच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद वाचा, चूक असेल तर दुरुस्ती लेखी मागा. वैद्यकीय माहिती जपणाऱ्या हिपा कायद्याने तो हक्क दिलाय.

आता मॅमोग्राम. खुर्चीत किती वेळ बसता येतं याचा त्याच्याशी काय संबंध? उलट, बहुतेक कंपन्या तुम्हाला सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेकडेही अर्ज करायला लावतात, आणि सोशल सिक्युरिटीचा नियम असा की सगळ्या आजारांचा एकत्रित परिणाम बघायचा, एकेकटा आजार गंभीर नसला तरी. मग मधुमेह, गुडघे, नैराश्य यांचे कागदच नसतील तर एकत्र काय करणार? बऱ्याच पॉलिसींत साधारण २४ महिन्यांनंतर प्रश्नही बदलतो: 'तुमचं काम जमतं का' ऐवजी 'कुठलंही काम जमतं का'. तेव्हा हेच लपवलेले आजार उपयोगी पडले असते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने स्वतःची पॉलिसी तरी वाचली आहे का, कोण जाणे.

समुपदेशकाबद्दल अर्धं खरं आहे. मानसिक आजारासाठीचे पैसे अनेक पॉलिसी २४ महिन्यांवर थांबवतात, त्यामुळे पाठदुखीला नैराश्याचं लेबल लावायचा मोह कंपनीला होतो. त्यावर उपाय म्हणजे नैराश्य दुखण्यातून आलंय हे डॉक्टरकडून स्पष्ट लिहून घेणं. थेरपिस्टने वेगळ्या ठेवलेल्या टिपणांसाठी हिपानुसार वेगळी सही लागते. निदान आणि औषधं मात्र त्या संरक्षणात येत नाहीत.

परवानगी रद्द करता येते, पण मग पुरावा दिला नाही म्हणून क्लेम अडतो. त्यापेक्षा कुठल्या डॉक्टरचं, कधीपासूनचं रेकॉर्ड हवंय ते कंपनीला लेखी विचारा.

आणि चेक खरंच बंद झाला तर? नोकरीतून मिळालेल्या, एरिसा या कर्मचारी-लाभांच्या कायद्याखालच्या पॉलिसीत कंपनीला कारण लेखी द्यावं लागतं, मागितल्यास क्लेमशी संबंधित कागद फुकट द्यावे लागतात, आणि अपिलाला १८० दिवस मिळतात. सरकारी किंवा चर्चच्या नोकरीत बहुधा हा कायदा लागत नाही. तिथे आधी पॉलिसी वाचा.