वस्तीत संशोधनाला येताय? या, सतरंजी अंथरलेलीच आहे

माता-आरोग्यावर संशोधन करायचं ठरवलंत, उत्तम. तेही 'समाजाधारित', म्हणजे सोन्याहून पिवळं! आम्ही सोलापूरच्या सेटलमेंटमधली, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना कोंडलं त्या वस्तीतली माणसं, समाजाधारित म्हणजे काय ते आम्हाला विचारा. आधार समाजाचा, बाकी सगळं तुमचं. सतरंजी समाजाची, चहा समाजाचा, बोट समाजाचं. पदवी तुमची.

गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीत एवढी संशोधनं झाली की गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या माणसावर आता कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. तेव्हा बिचकू नका. फक्त अनुभवी बाईचे चार सल्ले ऐकून घ्या.

यायचं ते नळाच्या दिवशी. बाकीच्या दिवशी बायका कामावर असतात, पण नळाच्या दिवशी एकूण एक घरात सापडते. एक हात हंड्यावर, एक डोळा पाइपवर, कडेवर पोर, अशा अवस्थेत गाठलं की ती पटापटा उत्तरं देते. मागच्या वेळी तुमच्याच माणसांनी अशाच मुहूर्तावर विचारलं होतं, "पाणी भरण्यासाठी आपला किती वेळ खर्च होतो?" शेजारच्या काकूंनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग नळाकडं. नळ तेवढ्यात गेला होता. "आज तुमच्यासकट मोजू का?" असं त्यांनी विचारलं, तर त्याला रकाना नव्हता.

संमतीपत्र चार पानी ठेवा आणि अंगठा चौथ्या पानावर घ्या.

भाषेची काळजी करू नका. सोलापुरात सगळ्यांना तेलुगू येतं, असं पुण्यात कुणीतरी सांगतंच. मागच्या वेळी आलेल्या तुमच्या पथकानं एक गोड तेलुगू मुलगी बरोबर आणली होती. पूर्व भागात विणकरांच्या, विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी ती मुलगी कामाची होती, यात वादच नाही. पण आम्ही कैकाडी, आमची बोली तमिळच्या गोतातली. ती तेलुगूत विचारायची, माझी वहिनी मराठीत उत्तर द्यायची आणि दोघी हसायच्या. अर्ध्या तासानं मला हाक आली. मी दुपारभर दुभाषी झाले. या कामाला अहवालात 'स्थानिक सहकार्य' म्हणतात आणि मोबदला म्हणून बिस्किटाचा पुडा देतात. फॉर्मवर प्रश्न होता, "आपल्या आहारात हिरव्या पालेभाज्यांचा समावेश किती वारंवार असतो?" मी आमच्या बोलीत विचारलं, भाजी खातीस का. वहिनी म्हणाली, मिळाली की. फॉर्म भरणाऱ्या तुमच्या पोरानं लिहिलं, 'नियमित'.

भेटवस्तू म्हणून स्टीलचा डबा द्या, वर संस्थेचं नाव कोरून.

अहवालात आमच्या इतिहासाचा एक परिच्छेद लागेल, तोही देऊन ठेवते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, तारेचं कुंपण, हजेरी, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका. १९११ च्या कायद्यात नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घ्यायची सोय होती, हे आवर्जून घाला. माझी आजी कुंपणाच्या आत वाढली. कुणी कागद घेऊन दारात आलं की म्हातारी मरेपर्यंत बोट आपोआप पुढं करायची. तुम्हाला हे फार हृदयस्पर्शी वाटेल. प्रस्तावनेत टाका.

आदिवासी बाईच हवी असेल तर गावाबाहेरच्या पालावर जा, फासेपारध्यांकडं. ते कागदोपत्री अनुसूचित जमात. आम्ही मात्र विमुक्त, म्हणजे त्या गुन्हेगार कायद्यातून सुटलेले. आणि आमचेच विदर्भातले भाऊबंद अनुसूचित जातीत. एकच समाज, रेल्वेत बसला की जात बदलते! पण त्या पारधीण बाईला अमृत आहार योजनेचं गरम जेवण मिळतं का, हे विचारू नका. ते आदिवासी क्षेत्रातल्या गरोदर बाईला, आणि सोलापूर जिल्हा त्या क्षेत्रात नाही. बाई आदिवासी आहे हो, तिच्या पायाखालची जमीन नाही.

आता एक सावधगिरी. या क्षेत्रात काही लोकांनी वाईट पायंडे पाडून ठेवलेत, त्यांचं नाव वस्तीत निघता कामा नये. गडचिरोलीचे बंग डॉक्टर पाहा. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, ते १९८९ साली जगानं वाचलं. एवढ्यावर थांबायचं ना? शोधनिबंध झाला होता. पण नाही. बाळं घरात मरतात तर उपचार घरात न्यावा म्हणून गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यांच्या हातात न्यूमोनियाचं औषध आणि इंजेक्शन दिलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरवले. १९९९ चा निबंध आहे, कुणीही काढून बघावा. दवाखान्याला काय नाव द्यायचं, तो दिसायला कसा असावा, हेसुद्धा गोंड लोकांना विचारलं. तर दवाखाना दंतेश्वरी आईच्या नावानं उभा राहिला, गोंडांच्या घरांसारखा. असं विचारत बसलं तर प्रकल्प मुदतीत कसा संपायचा!

झारखंड-ओडिशातली एकजुट नावाची संस्था तसलीच. आदिवासी बायकांना महिन्याला एकत्र बसवलं, चित्रांची कार्डं दिली, बाळंतपणात काय अडतं ते त्यांनाच ठरवू दिलं, उपायही त्यांनाच शोधू दिला. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी. बायका बोलल्या म्हणून बाळं जगली! हे बाहेर फुटलं तर तुमच्या फॉर्मवरच्या ११४ प्रश्नांना कोण बसणार?

आणि अमेरिकेतल्या हवासुपाई लोकांची गोष्ट तर अजिबातच सांगू नका. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारी छोटी जमात. मधुमेहाचं शोधतो म्हणून १९९० पासून विद्यापीठानं त्यांचं रक्त नेलं आणि त्यावर त्यांना न विचारता भलतेच अभ्यास केले. लोक कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाला ७ लाख डॉलर मोजावे लागले आणि रक्ताचे नमुने परत द्यावे लागले. परत! गोठवलेलं रक्त आपल्या माणसांचं म्हणून घरी आणलं त्यांनी. आमच्या बायकांना हे कळलं तर उद्या डब्यात बिस्किटं घालून परत करतील आणि म्हणतील, आमचं आम्हाला द्या.

आता मुख्य सल्ला. रक्ताचा.

हिमोग्लोबिनचं छोटं मशीन असतं, मुठीत मावेल एवढं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, मिनिटाच्या आत आकडा उमटतो. उमटला की तो लगेच आपल्याकडं वळवा. बाईला दिसू देऊ नका. तिनं विचारलं, किती आलं, तर गोड हसून म्हणा, "रिपोर्ट येईल, ताई." माझ्या वहिनीला सातवा महिना होता. तिनं विचारलं. पोरगा हसला, म्हणाला, रिपोर्ट येईल. मग त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. लोहाच्या गोळ्या घेता का, हो की नाही. वहिनी म्हणाली, हो. पाहुण्यांपुढं नाही कसं म्हणायचं? १८० गोळ्या घ्यायच्या असतात, तिनं पंधराएक घेतल्या होत्या. मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, त्यात माझी आई म्हणाली, पोरगं काळं निपजेल. का नाही घेतल्या, याला रकाना नव्हता. गोळीबरोबर चहा घेतला की लोह अंगी लागत नाही, हे सांगायला किती वेळ लागतो? चहा तर समोरच होता. तुम्हीच पीत होता.

पाच आठवड्यांनी वहिनी मोरीत चक्कर येऊन पडली. रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन ६.४. गरोदर बाईचं ११ असावं लागतं, शेवटच्या तिमाहीत सातच्या खाली गेलं की दवाखान्यात ठेवून शिरेतून लोह द्यावं लागतं. डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या. एवढे दिवस झोपला होतात का, आधी तपासलं नाही का कुणी?

तपासलं होतं. मी तिथंच बसले होते. तुमच्या वहीत, मग तुमच्या संगणकात, मग तुमच्या तक्त्यात पाच आठवडे तो आकडा होता. तुमच्या साहेबांनी बघितला असेल. सरासरीत धरला असेल. 'तीव्र रक्तक्षय' या गटात वहिनीचा एक ठिपका असेल, लाल रंगाचा. फोन नंबर फॉर्मवर होता, दोन-दोन नंबर होते, वहिनीचा आणि माझा. तीस सेकंदांचा फोन होता हो. "ताई, रक्त फार कमी आहे, उद्याच दवाखान्यात जा." कुठल्या भाषेत सांगायचं ही अडचण होती का? मी होते की! फुकटची!

असो. सल्ला चालला होता. तर, निष्कर्षात 'समुदायात जनजागृतीचा अभाव' लिहायला विसरू नका.

नाही, राहू दे. मला हे पुढं जमत नाही.

तुमच्या त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला रोजावर आणलेलं. मी तरी कुठं शहाणी? 'रिपोर्ट येईल' हे वहिनीला आमच्या बोलीत मीच सांगितलं, तिनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मीच सांगितलं, आणि तिचा तुमच्यावर नाही, माझ्यावर विश्वास होता. मशीन माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मान वाकडी करून बघितलं असतं तरी दिसलं असतं. ओळखपत्रवाल्यांसमोर मान वाकडी करायची नाही, हे आजीकडून अंगात उतरलंय, दुसरं काय.

पण तुम्ही शिकलेले आहात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तुमच्या टेबलावर असतात. ज्यांच्यावर संशोधन केलं त्यांना निष्कर्ष सांगा, त्यांना त्याचा लाभ मिळू द्या, हे त्यात लिहिलंय. नीतिमत्ता समितीची मंजुरी तुमच्या संमतीपत्राच्या पहिल्याच पानावर छापलेली होती, क्रमांकासकट. ते पान मी नंतर वाचलं. आणि समाजाधारित म्हणायचं तर प्रश्न ठरवताना आम्हाला बोलवा. आमची बाई गोळी का टाकून देते, एवढा एक प्रश्न तुमच्या ११४ पेक्षा मोठा आहे, आणि तो कुठलीही म्हातारी चहा होईपर्यंत तुम्हाला सांगेल. ते जमत नसेल तर निदान टोचल्यावर आकडा सांगा. लाज वाटली पाहिजे हो. गरोदर बाईचं रक्त बघून गप्प बसलात.

वहिनी अजून दवाखान्यात आहे. बाळ पोटात हलतंय, सलाईनमधून लोह चाललंय, तिसरी बाटली परवा. त्या दिवशी तुम्ही आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांतून एकोणीस बायकांना टोचलं होतं. तुमच्या वहीत बाकीच्या अठरा आकड्यांपुढं अठरा फोन नंबर आहेत. आज संध्याकाळी लावायला घ्या. पहिला लागला नाही तर मला लावा, मी हाक मारून बोलावते.