'चहा-बिस्किटांची भक्ती' म्हणणाऱ्या ताईंना

कठीण काळात श्रद्धा आणि मैत्रिणी बाईला कशा सावरतात, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर एका वाचक ताईंची प्रतिक्रिया आली. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून ती जशीच्या तशी देते: "ताई, हा लेख म्हणजे चहा-बिस्किटांची भक्ती आहे. माझ्या बहिणीला नवरा मारायचा, तेव्हा चर्चमधल्या बायकांनी 'प्रार्थना कर, सहन कर' एवढंच सांगितलं. प्रार्थनेने घरभाडं भरत नाही. आणि मरीया अलीशिबेकडे सहा महिने राहिली नव्हती, निदान शास्त्र तरी वाचून लिहा."

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. येशूची आई मरीया आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे किती राहिली, ते बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (1:56) 'सुमारे तीन महिने' असंच आहे. गरोदरपणाचा सहावा महिना अलीशिबेला लागला होता, लिहिताना माझी गल्लत झाली. चूक मान्य. पण 'निदान शास्त्र तरी वाचून लिहा' हे कुणाला सांगताय? नागपूरच्या सदर भागातल्या चर्चच्या रविवारच्या शाळेत मी बावीस वर्षं मुलांना शिकवते आहे. हेच तुम्ही दोन गोड शब्दांत सांगितलं असतं तर मी तुमचे आभार मानले असते. मतभेदाचं मला वावडं नाही, पण अनोळखी बाईला असं तोडून बोलणं मला पटत नाही.

आता चहा-बिस्किटांविषयी. ताई, तो शब्द मला लागला. का लागला, ते सांगते.

2016 च्या फेब्रुवारीत माझे यजमान दवाखान्यात भरती झाले. एकोणीस दिवस ते अतिदक्षता विभागात होते. मी बाहेरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून पडायची. लेकीची दहावीची परीक्षा मार्चच्या सुरुवातीलाच होती. सासरचे लांब, माहेरी आई अंथरुणाला खिळलेली. आमच्या महिला मंडळातली खलासी लाइनीतली एक मैत्रीण रोज पहाटे पाच वाजता थर्मास घेऊन यायची. चहा आणि पारले-जी. पहिले दोन दिवस माझ्या घशाखाली काहीच उतरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने बिस्कीट चहात बुडवून लहान पोराला भरवतात तसं माझ्या तोंडाला लावलं आणि म्हणाली, "खा वं, तू पडलीस तर त्याले कोण पाहील?" ती स्वतः रात्रपाळी करून थेट यायची. दुसरी एक मैत्रीण लेकीला स्कूटीवर बसवून परीक्षा केंद्रावर न्यायची आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर उन्हात थांबायची. मराठीच्या पेपरच्या दिवशी यजमान गेले. पोरीला पेपर संपल्यावरच सांगितलं आणि ते सांगणंही त्या मैत्रिणीनेच स्वतःवर घेतलं. माझ्यात ते बळ नव्हतं.

दफनानंतर माझ्या तोंडून प्रार्थना निघेना. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे बायबलमधलं तेविसावं, लहानपणापासूनचं स्तोत्र, पण 'मला काही उणे पडणार नाही' ही दुसरी ओळ मला म्हणता येत नव्हती. मला तर सगळंच उणं पडलं होतं. खलासी लाइनीतल्या मैत्रिणीने तेविसावं स्तोत्र बाजूला ठेवलं आणि अठ्ठ्याऐंशीवं काढलं. ज्यांनी ते वाचलंय त्यांना ठाऊक असेल, त्यात शेवटपर्यंत उजेड नाही. इतर बहुतेक शोकस्तोत्रं अखेरीस आशेकडे वळतात, हे अंधारातच संपतं. शेवटच्या वचनात जिवलग दूर गेल्याची तक्रार आहे आणि ते वाचणारी मैत्रीण माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. त्या दिवशी मला कळलं की देवाला राग येईल म्हणून दुःख लपवायचं नसतं. ते त्याच्यासमोर ओरडून सांगितलं तरी चालतं, आणि ते ओरडताना कुणीतरी शेजारी लागतं. बायबलमधल्या नामीनेही, नवरा आणि दोन्ही मुलगे गेल्यावर बेथलेहेमात परतली तेव्हा, 'मला मारा म्हणा', म्हणजे कडू म्हणा, असंच सांगितलं होतं. ती असं म्हणत होती तेव्हा तिची सून रूथ तिच्यासोबतच होती आणि तिने सासूला 'असं बोलू नका' म्हटल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

तर हे माझं चहा-बिस्कीट. याला भक्ती म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं, ते तुम्ही सांगा.

घरभाड्याचं म्हणाल, तर प्रार्थनेने भाडं भरतं असं मी कुठेच लिहिलेलं नाही. मूळ लेख पुन्हा वाचा. आमच्या मंडळाने माझं तीन महिन्यांचं भाडं भरलं होतं, पण तो हिशेब मी इथे मांडणार नाही. देणाऱ्यांना ते आवडायचं नाही.

राहिला बहिणीचा मुद्दा. तिच्यावर जे बेतलं त्याचं मला वाईट वाटतं. 'सहन कर' म्हणणाऱ्या बायका चुकल्याच. बायबलमध्ये सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तोवर ते चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. पण एका मंडळीतल्या चार बायकांवरून तुम्ही सगळ्यांना एकाच तराजूत घालता, हे न्यायाचं नाही. ख्रिस्ती विश्वास बाईला फक्त सोसायलाच शिकवतो म्हणता, तर पंडिता रमाबाईंचं काय? 1882 साली त्यांचे यजमान गेले, कडेवर लहान मुलगी होती, 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1897 च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा आपलं नागपूर ज्याची राजधानी होतं त्या मध्य प्रांतात त्या स्वतः फिरल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन गेल्या. त्यांना पुण्याजवळच्या केडगावला आसरा दिला, हाताला काम दिलं. त्यांनी कुठल्या बाईला 'घरी जा आणि सोस' म्हटलं? एवढं मोठं उदाहरण महाराष्ट्रात असताना तुम्ही ते विसरता, याचं मला आश्चर्य वाटतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि काढणारही नाही. मात्र पुढच्या वेळी 'डोकं ठिकाणावर आहे का' असली भाषा असेल, तर उत्तर मिळणार नाही. (हो, तुमच्या दुसऱ्या प्रतिक्रियेत ते होतं. मी ते वर दिलं नाही, कारण माझी लेकही हे सगळं वाचते.)

बहीण नागपुरात असेल तर कळवा. गुरुवारी चार वाजता आम्ही मोहननगरला एका मैत्रिणीच्या घरी भेटतो. तिथे यायचं नसेल तर मी तिच्याकडे येईन, एकटीच. पोलिसात किंवा वकिलाकडे जायचं असेल तरीही येईन.

अलीशिबेचे महिने मूळ लेखात दुरुस्त केले आहेत.