मॅनिफोल्डचा गंजलेला नट: पान्याला पाइप लावू नका

जुन्या मारुती 800 वाल्यांत एक सल्ला सारखा फिरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या ओतीव भागाचे) नट-बोल्ट गंजून बसले असतील तर डब्ल्यूडी-40 मारा, दहा मिनिटं थांबा आणि पान्याला लांब पाइप घालून ओढा. नाहीच हललं तर गॅसने लालबुंद करा. तुटलं तर इझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार, आहेच. या सल्ल्यापायी चांगली हेडं (इंजिनाचा वरचा भाग, ज्याला मॅनिफोल्ड जोडलेलं असतं) वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

दहा मिनिटांत काही होत नाही. डब्ल्यूडी-40 मुळात पाणी हटवायला बनवलं होतं, 1953 साली. गंजात मुरणारं पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं मिळतं. ते आदल्या दिवसापासून दोन-तीनदा सोडा. तरीही ते नटाच्या आट्यांपर्यंतच पोचेल. स्टडचं, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बिनडोक्याच्या बोल्टचं, हेडमधलं टोक मॅनिफोल्डच्या फ्लँजखाली (चपट्या कडेखाली) झाकलेलं असतं.

खरा घात पाइप करतो. हिशेब करून बघा. 8 मिलिमीटरचा साधा 8.8 ग्रेडचा बोल्ट नवा असतानाही साधारण 35 न्यूटन-मीटरच्या (पिळाच्या जोराचं माप) पुढे पिळून तुटू शकतो. अर्ध्या मीटरच्या पाइपच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला की 50 होतात. वर्षानुवर्षं भाजून, गंजून बारीक झालेल्या स्टडचं काय होणार? शिवाय लांब पाइपमुळे हाताला काहीच कळत नाही. आखूड पाना घ्या, गोटी (सॉकेट) सहा कोनांचीच. आधी नट किंचित आवळा, मग सोडा. हलला की पाव फेरा पुढे, पुन्हा मागे, पुन्हा तेल. नट फिरतोय पण जोर कमी होत नाही, नुसता पीळ बसतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. नटाबरोबर अख्खा स्टड बाहेर आला तर उत्तमच, नवा बसवा.

आता उष्णता. ती उपयोगी आहे, पण नटाला. हेडमध्ये बसलेला बोल्ट तापवला की तो स्वतःच फुगतो आणि गरम असेपर्यंत आणखी घट्ट बसतो. त्यात या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं. शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि तो लाल होऊन इशारा देत नाही. लोखंड लाल दिसू लागतं तेही त्याच सुमारास. म्हणून ज्योत लहान, फक्त नटावर, थोडा वेळ. मग थंड होऊ द्या. फुगण्या-आकसण्यात गंजाची पकड सुटते. तेल मारल्यावर लगेच ज्योत नको, आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते आधी बघा.

इझी-आउटवर भिस्त ठेवू नका. ते कडक आणि ठिसूळ असतं. आत तुटलं तर साधं ड्रिल त्याला लागतच नाही. त्यापेक्षा तुटक्या टोकावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग करा, बॅटरीच्या वायरी काढून. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज सैल होतो, आणि लोखंडाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही. थंड झाल्यावर हळूहळू मागेपुढे फिरवा. तेही नाही जमलं तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्या. तो बरोबर मध्यावर भोक पाडून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून देईल.