बॉल पायथनला ‘छोटा डबा पुरतो’? नाही पुरत

सध्या एक सल्ला फिरतोय: ‘बॉल पायथन बिळात राहणारा साप. मोठ्या पेटीत तो घाबरतो, खाणं सोडतो. छोटा डबा, आत गरम दगड आणि रोज पाण्याचा फवारा पुरे. आपल्याकडच्या उकाड्यात थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणारं यंत्र) कशाला?’ यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं आहे.

पश्चिम आफ्रिकेत हा साप दिवसा उंदरांच्या बिळात किंवा वारुळात पडून असतो, पण अंधार पडला की भक्ष्य शोधत हिंडतो, झाडावरही चढतो. मोठ्या पेटीत तो घाबरतो तो पेटी ओकीबोकी असते म्हणून. चार फुटी सापाला १२० × ६० × ६० सेंटिमीटरची पेटी द्या आणि दोन्ही टोकांना, म्हणजे गरम आणि थंड बाजूला, लपायला एकेक, अगदी सारखी, खोपटी ठेवा. वेटोळं घातल्यावर अंग खोपटीच्या तिन्ही भिंतींना टेकलं पाहिजे. खोपटी फक्त थंड टोकाला असली, तर साप लपायच्या नादात ऊब सोडतो, अंग गार पडलं की पचन मंदावतं आणि तो भक्ष्याला तोंड लावत नाही. मधली जागा फांद्या, साली आणि प्लास्टिकच्या पानांनी दाट भरा. (विणीच्या हंगामात प्रौढ नर महिनोन्महिने खात नाहीत. वजन टिकून असेल तर पेटीला दोष देऊ नका.)

गरम दगडाचा सल्ला सर्वांत घातक. तो सगळीकडे सारखा तापत नाही आणि पोटाला चटका बसत असतानाही साप बऱ्याचदा उठून जात नाही. खूण उशिरा दिसते: पोटाचे खवले तपकिरी पडतात, मग तिथून पाणी सुटतं. त्याऐवजी वरून सिरॅमिक बल्ब (उजेड न देता फक्त ऊब देणारा) लावा, त्याला जाळीचं कवच हवंच. बल्बखालच्या पृष्ठभागाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ आणि रात्री २३ च्या खाली नाही.

हे थर्मोस्टॅटशिवाय जमत नाही. नाशिकला थंडीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तर मे महिन्यात बंद न होणारा हीटर पेटीची भट्टी करतो. थर्मोस्टॅट फक्त उष्णता तोडतो, गारवा देत नाही, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीच थंड ठेवावी लागते. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, क्लिपने पक्का बसवा. तो निसटून थंड कोपऱ्यात पडला की हीटर चालूच राहतो. चिकटपट्टी मात्र पेटीत नको, ती सापाच्या कातडीला चिकटते.

फवाऱ्याने वरचा थर तासाभरासाठी भिजतो, किंवा सतत मारला तर पोटाखाली चिखल होऊन खवले सडतात. ८-१० सेंटिमीटर कोकोपीट आणि नारळाच्या सालीचे तुकडे पसरा, पाणी कोपऱ्यांत ओता. खालचा थर ओला, वरचा कोरडा हवा. आर्द्रता ६० ते ७० टक्के ठेवा. वर जाळी असेल तर बल्बची जागा सोडून तीन चतुर्थांश भाग झाका; मुंबईच्या जुलैत ते झाकण काढा. कात डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्यांसकट अखंड निघाली म्हणजे जमलं, तुकड्यांत निघाली तर पेटी कोरडी आहे.

नाग, धामण किंवा आपला अजगर पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन पाळता येतो, पण त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याकडून कागद आधी घ्या. मग रिकामी पेटी आठवडाभर चालू ठेवून पहाटे आणि भर दुपारी दोन्ही टोकांचे आकडे लिहा. ते स्थिर झाले की साप आणा.